परत मागितलेलं वाण

व्हॅनिलाच्या वेलीला रोग झाला की आमच्याकडे आधी माझी पाठ दुखायला लागते. धाकट्या जावेच्या मते हे माझं ढोंग आहे. पण रोग कुठला ते ती सांगते आणि शेणाची पाटी मी उचलते, तेव्हा पाठीबद्दल बोलायचा हक्क माझा.

मुरुडहून आगरदांड्याला जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची वाडी आहे. माड, पोफळी, अधूनमधून जायफळं, आणि दोन घरं. एकात जाऊ आणि दीर, दुसऱ्यात मी एकटी. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मी आरोग्य केंद्रात नर्स होते. लसींची पेटी खांद्याला अडकवून घरोघर फिरण्यात नोकरी संपली. निवृत्त झाल्यावर मी मनाशी पक्कं केलं होतं, की आता कुणाच्या दारात जायचं नाही, खुर्ची टाकून बसायचं. मी नुसतं बसलेलं जावेला कधीच बघवलं नाही.

मागे मोठं वादळ झालं त्यात आमच्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपं लावली, पण ती हाताशी येईपर्यंत मधल्या जागेत काय करायचं, हा प्रश्न होता. जाऊ कुठल्याशा शिबिराला जाऊन आली आणि व्हॅनिलाच लावायची म्हणून हटून बसली. या वेलीला अर्धं ऊन आणि अर्धी सावली लागते म्हणे, आणि वादळानं आमच्याकडे तेवढंच शिल्लक ठेवलं होतं. तिनं गिरिपुष्पाचे खांब रोवले, त्यांच्यावर वेली चढवल्या आणि जाहीर केलं की वाडीत विषारी औषधाचा थेंब येणार नाही. मी तेव्हा हो म्हटलं. न फवारणं म्हणजे काम कमी, असा माझा भाबडा समज होता.

पहिल्याच पावसाळ्यात वेलींची बुडं तपकिरी होऊन पाणचट झाली. हात लावला की साल बोटाला चिकटून यायची. ती मूळकूज. मग तिचे उपाय सुरू झाले. पाणी साचू नये म्हणून प्रत्येक खांबाभोवती मातीचा उंचवटा करायचा आणि त्यावर पालापाचोळा आणि नारळाची सोडणं पसरायची. शेणखतात निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा या उपकारी बुरशीची पूड कालवून गोणपाटाखाली ओलसर ठेवायची, आणि त्यावर हिरवट बुरशी चढली की ते खत मुळांना घालायचं. आयुष्यभर लोणच्यावरची बुरशी काढून टाकणाऱ्या बाईनं म्हातारपणी बुरशी पाळायची, आणि ती नीट वाढली नाही तर जावेची बोलणीही खायची. कूज फारच वाढली तर मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघायचा, खिळ्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडला. आणि हे मिश्रण पाळलेल्या बुरशीच्या वाऱ्यालाही जाऊ द्यायचं नाही, नाहीतर तीच मरायची. इतकं पथ्य मी बाळंतिणींनाही सांगितलं नव्हतं.

तरी कुजीत एक बरं असतं. बूड सडलं तरी वरची वेल धडधाकट असेल तर ती कापून खाली घ्यायची आणि स्वच्छ मातीत पुन्हा रुजवायची. तशा कितीतरी वेली आम्ही वाचवल्या. दोन पावसाळे असे गेले, तिसऱ्याला कूज आटोक्यात आली. मी थकले होते, पण खरं सांगायचं तर मला अभिमानही वाटत होता. रांगा हिरव्यागार दिसायच्या आणि येणारेजाणारे रस्त्यावर थांबून बघायचे.

त्याच सुमारास जावेनं अलिबागच्या बाजूला कुणाकडून तरी थोडे नवे फाटे आणून कोपऱ्यातल्या रांगेत लावले. त्यांची पानं वेगळी होती. गडद हिरव्यावर फिकट हिरवे, पिवळसर शिंतोडे आणि कडा जराशा चुरगळलेल्या. शोभेच्या मनीप्लांटची असतात तशी. जावेला वाटलं ही जातच वेगळी आणि ती त्यांच्यावर खूश झाली. पाहुणा आला की आधी कोपरा दाखवायची.

मग संक्रांत आली. बाकीच्या बायका हळदीकुंकवाला गाळण्या, वाट्या, फणी-आरसे लुटतात. जावेनं ठरवलं की आपण प्लास्टिक द्यायचं नाही, वेल द्यायची. करवंट्यांमध्ये माती भरून प्रत्येकीत व्हॅनिलाचा एक फाटा. कोपऱ्यातली शिंतोड्यांची वेल दिसायला सुंदर, म्हणून वाणाला तीच. ती पुरली नाही तेव्हा त्याच कोयतीनं बाजूच्या रांगेतले फाटे कापले. हे सगळं मला नंतर कळलं, कारण हळदीकुंकवाच्या दिवशी मी घरी नसते. जाऊ दर वर्षी म्हणते, "ताई, तुम्ही पण बसा, आता कोण मानतं." मी बसले तर येणाऱ्या बायकांना कसं अवघडल्यासारखं होतं ते मी बघितलेलं आहे. म्हणून त्या दिवशी मी काहीतरी काम काढते आणि फेरीबोटीनं दिघीला मावसबहिणीकडे जाते. संध्याकाळी परत आले तेव्हा जाऊ आनंदानं फुलली होती. बायकांनी शिंतोड्यांची वेल अगदी मागून मागून नेली, म्हणाली.

त्यानंतर आमच्या चांगल्या रांगांना पहिल्यांदा भरपूर फुलं आली. व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, आणि आपल्याकडे त्याचं परागीकरण करणारी माशी नाही. जाऊ रोज सकाळी केरसुणीचा हीर घेऊन प्रत्येक फुलाशी उभी राहायची. हिराच्या टोकानं आतला पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं दाबायचं. तिची मान अवघडायची, पण शेंगा धरल्या. त्या पावसाळाभर लोंबत राहिल्या आणि दिवाळीपर्यंत बोटाएवढ्या जाड झाल्या. दीर सुद्धा, ज्याला या सगळ्यात कधी रस नव्हता, तो संध्याकाळी रांगांमधून हात मागे बांधून फिरायला लागला.

दिवाळीनंतर शेतीखात्याकडून एक बाई सुपाऱ्यांची गळ बघायला आल्या. जाता जाता जावेनं त्यांना कोपरा दाखवला. बाईंनी एक पान उजेडात धरलं, मग उलटं करून बघितलं, आणि आम्हाला म्हणाल्या, "कशालाही हात लावू नका." हा मोझॅक होता. विषाणूचा रोग. पानावरची नक्षी हीच त्याची खूण. मी विचारलं, औषध काय? त्या म्हणाल्या, सेंद्रिय नाही आणि रासायनिकही नाही. शिंतोडे दिसले ती वेल मुळासकट उपटायची आणि लांब नेऊन खोल पुरायची. प्रत्येक वेलीनंतर कोयती ज्योतीवर धरायची, हात साबणानं धुवायचे. मावा रस शोषतो आणि रोग एका वेलीवरून दुसरीवर नेतो, म्हणून निंबोळी अर्क मारत राहायचा, पण आसपास एक जरी रोगी वेल राहिली तरी बाकीच्यांचा भरवसा नाही.

"आसपास आणखी कुणाकडे आहे का?" त्यांनी विचारलं.

जाऊ दोन पावलं मागे सरकली. मीच म्हटलं, "गावात घरोघर आहे."

कोपरा आणि बाजूची रांग आम्ही त्याच दिवशी काढली. जाऊ एकेक वेल उपटत होती आणि रडत होती, आणि मी मेणबत्तीवर कोयती तापवत होते. उरलेल्या रांगांवर शेंगा लटकत होत्या. त्या वाचायच्या तर गावातली सगळी वाणं परत आणायला हवी होती, हे दोघींनाही कळत होतं. पण ते तोंडातून काढायला जाऊ तयार नव्हती.

रात्रीची भांडी आटोपून ती माझ्याकडे आली. "ताई, दिलेलं वाण परत कसं मागायचं?"

"दार वाजवून," मी म्हटलं.

"तसं नाही." ती पदराशी चाळा करत राहिली. दिराच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवली आहे. तेव्हापासून जावेनं किती वारांचे किती उपास धरलेत ते तिचं तिलाच माहीत. सवाष्णीनं नवऱ्यासाठी द्यायचं ते वाण. ते परत घ्यायचं म्हणजे काय, हे तिला बोलून दाखवावं लागलं नाही. मग ती म्हणाली, "तुम्ही जा ना. तुम्हाला चालेल."

त्या शब्दांत काय होतं ते मला ऐकू आलं. वाद घालायलाही अंगात जोर लागतो. दुसऱ्या दिवशी मी एका पिशवीत नारळ भरले, रिकाम्या हातानं मागायला नको म्हणून, आणि दुसऱ्या खांद्यावर रिकामं पोतं टाकून निघाले. नोकरीत लसीच्या पेटीचा पट्टा जिथे रुतायचा, नेमका तिथेच पिशवीचा बंद रुतला.

काही घरांत वेलीचा पत्ताच नव्हता. एकीची बकरीनं खाल्ली होती, एकीची पाण्यावाचून वाळली होती. मी त्या बकरीला आणि त्या आळशी बाईला मनातून आशीर्वाद दिले. एका घरी वेल तुळशीवृंदावनाला वळसे घालून वर गेली होती, ती सोडवताना मला घाम फुटला. एकीनं हसून म्हटलं, "नर्सबाई, आधी पोरांना सुया टोचल्यात, आता झाडं पन घेऊन चाल्ल्यात." एका म्हातारीनं मात्र उभ्या उभ्या झाडलं. "वाण परत मागतात व्हय कुठं? आमच्यात न्हाय असं." मी तिला मावा, विषाणू, पान, सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झाड ने. पन मला असलं कायबाय सांगू नको." पूर्वी लसीच्या वेळीही ती अशीच बोलायची आणि मूल पुढे करायची.

चारदोन घरं झाल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वेल उपटून देताना कुणीच ती माझ्या हातात देत नव्हतं. पायरीवर ठेवायच्या, आणि मी ती उचलून पोत्यात घालायची. मी देऊ केलेला नारळही ओट्यावरच ठेवा म्हणायच्या. ज्या बायकांची बाळंतपणं या हातांनी केली त्याच या बायका. मी पायरीवरून वेली उचलत गेले. प्रत्येक वेळी वाकावं लागत होतं, आणि पाठ त्यामुळेच दुखत होती असं मी स्वतःला सांगत होते.

शेवटचं घर एका तरुण मुलीचं होतं. तिचा नवरा बोटीवर असतो, वर्षातून थोडे दिवस येतो. तिनं वेल खिडकीच्या गजांवर चढवली होती आणि ती सगळ्या गावात सर्वांत जोमदार वाढली होती. प्रत्येक पानावर शिंतोडे. मी सगळं सांगितलं. तिला पटलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी ती दारातून हलली नाही.

"राग मानू नका, नर्सबाई," ती म्हणाली. "ज्यांनी दिलं त्यांनी न्यावं. तुमच्या हातानं न्हाय."

मला तिचा राग आला नाही. बाकीच्यांनी पायरीवर ठेवून जे सांगितलं ते हिनं सरळ सांगितलं. राग आला तो जावेचा. घरापर्यंत तो धुमसत राहिला. पोतं आम्ही खणलेल्या खड्ड्याशी टाकलं आणि मी तिच्या ओटीवर गेले.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "वाण परत घेतलं तर वाईट होतं म्हणतात. आणि माझं जे वाईट व्हायचं ते होऊन गेलंय. म्हणून मला पाठवलंस."

ती नाही म्हणेल असं मला वाटत होतं. निदान खोटं तरी. ती म्हणाली, "मला भीती वाटते, ताई."

मी घरी आले आणि खुर्चीत बसले. शेणखताला हात लावला नाही, निंबोळी अर्क केला नाही. एक वेल खिडकीवर अजून जिवंत होती आणि तिथून आमच्या रांगा काही लांब नव्हत्या. जाऊ रोज पानं उलटून बघायची, शेंगांखाली उभी राहायची, माझ्या दाराकडे एकदा बघायची आणि आत जायची. मला सगळं दिसत होतं. मला वाईटही वाटत होतं. पण यावेळी मी उठणार नव्हते.

शेवटी एका सकाळी ती चपला घालून माझ्या अंगणात आली. "चला," म्हणाली. "तुम्ही काही करू नका. नुसत्या उभ्या राहा."

त्या मुलीच्या दारात मी खरोखरच नुसती उभी राहिले. व्हॅनिलाची वेल गजांना मुळांनी धरून ठेवते, प्रत्येक पेराचं मूळ नखानं सोडवावं लागतं. जाऊ सोडवत होती. ती इतकी घाई करत होती की पेर मध्येच तुटत होतं. तिचे ओठ हलत होते, काय पुटपुटत होती कोण जाणे. एकदा वाटलं, पुढे व्हावं आणि म्हणावं, बाजूला हो, मी काढते. मी झाले नाही. तिनं बुडापर्यंत सगळी वेल काढली आणि पोत्यात घातली, आणि त्या मुलीच्या डोळ्यांना पदर लागला. निघताना मुलीनं करंडा आणला. जाऊ कुंकू लावून घेत होती तेव्हा मी रस्त्याकडे बघत राहिले. परत येऊन खड्ड्यात चुना टाकून माती लोटली आणि हात साबणानं धुतले, नखांतलं सुद्धा.

शेंगा उतरल्या. उरलेल्या रांगांवर अजून शिंतोडा दिसलेला नाही. लक्ष ठेवा, असं शेतीखात्याच्या बाईंनी सांगितलंय. त्यामुळे रोज सकाळी जाऊ वरच्या टोकानं पानं बघत येते आणि मी खालच्या टोकानं. दिराला यातलं काही माहीत नाही. वेली कमी का झाल्या, एवढंच त्यानं एकदा विचारलं, आणि चहात साखर कमी असल्याची तक्रार केली.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मीही सवाष्णपणी दर संक्रांतीला वाणं दिली होती, त्यातलं एकही परत मागितलं नव्हतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. हे सगळं मला पाठ आहे. तरी वेलींकडे जायच्या आधी मी दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी थांबते. पलीकडे मोरीत दीर उठल्या उठल्या मोठ्यानं खाकरतो, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. ते ऐकलं की मी पुढे होते.

परवा ते ऐकू आलं नाही. मी थोडा वेळ थांबले, मग आणखी थोडा. मग हातातली बादली तिथेच टाकली आणि या गुडघ्यांनिशी गडगा ओलांडला, कशी ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या मागच्या दाराशी पोचते तोच रांगांमधून जाऊ धावत आली, पदर सुटलेला, हात मातीचे. आत कुणी नव्हतं. पुढच्या दारातून दीर येत होता, हातात पावाची पुडी. लवकर गेलं तर पाव गरम मिळतो, म्हणाला, आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत आत गेला.

जाऊ धापा टाकत होती. "तुम्ही कशाला आलात?" तिनं विचारलं.

"तू कशाला आलीस?" मी म्हटलं.

ती मटकन पायरीवर बसली. मीही तिच्याशेजारी बसले. आतून दिरानं खाकरल्याचा आवाज आला, आणि जावेनं तिचा मातीचा हात माझ्या हातात दिला.